मामांचा बाहेरचा पाय

कोणत्या माणसाला कोणता पलटा लागू पडेल, हे माझ्या बायकोच्या मामांइतकं अख्ख्या लातुरात कुणालाच कळत नव्हतं. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच सांगत असत. पलटे म्हणजे पेटी शिकताना बोटं वळावीत म्हणून घोटायच्या सरगमच्या उलटसुलट कसरती. बाकीचे शिक्षक सगळ्यांना त्याच क्रमाने तेच पलटे देतात. मामांना हे म्हणजे दवाखान्यातल्या सगळ्यांना एकच गोळी वाटण्यासारखं वाटे. नवा विद्यार्थी आला की आधी त्याच्यापुढे भाजलेल्या शेंगांची ताटली यायची आणि तो कोणत्या बोटांनी शेंग फोडतो ते मामा चष्म्यावरून बघायचे. शेंगा संपेपर्यंत निदान तयार. मी लग्नानंतर पहिल्यांदा नांदेडहून जावयाच्या तोऱ्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा माझ्याही पुढे ताटली आली. "जावईबापू, बाकी समदं ब्येस हाय, पण तुमची करंगळी कामचुकार हाय," असं म्हणून त्यांनी चहाआधी मला एक पलटा पाठ करायला लावला. मला पेटी येत नाही, ही गोष्ट त्यांना विचारात घेण्यासारखी वाटली नाही.

मामा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. पुढे त्यांच्या गल्लीत क्लासचं पीक आलं. ज्याच्या त्याच्या घरात खाली फिजिक्स आणि वर मेस. पोराला बारावीसाठी लातुरात आणून सोडणारे आईबाप पेटीचा आवाज ऐकून दारात थबकत आणि विचारत, "सर, पेटीनं मार्क वाढत्यात का?" मामा म्हणत, "मार्काचं म्हाईत न्हाई. चिडचिड कमी होती." देवणीकडच्या एका गृहस्थांनी तर सरळ सांगितलं, "परीक्षेला येणारे तेवढेच पलटे द्या, बाकीचे ऑप्शनला टाकू." मामांनी त्यांच्यापुढे शेंगा ठेवल्या, नीट पाहिलं आणि पोराला सोडून बापालाच एक संथ पलटा दिला. पोरगं यथावकाश इंजिनिअर झालं. बाप मात्र दर शनिवारी बाजार उरकून पलटा घोटायला येत राहिला.

त्र्याण्णवच्या भूकंपाने मामांचं घर पाडलं नाही. एका भिंतीला तडा गेला, तेवढंच. पण मामांचा मात्र घोर अपमान झाला. दख्खनचं पठार म्हणजे देशातली सगळ्यात भक्कम जमीन, इथं भूकंप व्हायचा नाही, असं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना फळ्यावर खडूने काढून दाखवलं होतं. "खोटं शिकवलं म्यां पोरास्नी. आता कोणत्या तोंडानं छताखाली बसू?" असं म्हणून ते दारात आले ते तिथेच राहिले. पेटी दारातल्या शहाबादी फरशीवर, विद्यार्थी बाहेर ओट्यावर आणि मामा उंबरठ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. बाहेरच्या पायात चप्पल. उंबरठ्यावर बसू नये, असं मामी जीव तोडून सांगत. मामा म्हणत, "मी बसलोच कुठं? मी निघालोय."

त्या दिवसांत त्यांच्याकडे एक मुलगी यायला लागली. औशाकडच्या गावची, भूकंपात घर गेलं आणि आईही गेली. लातुरात आत्याकडे राहायची, फारसं बोलायची नाही. घरी आई भजनाला पेटी वाजवायची, म्हणून तिने पेटी शिकायचा एवढा एकच हट्ट धरला होता. आत्या मनाने चांगली, पण हिशोबी. तिने मामांना बजावलं, "दिवाळीपत्तुर एक भजन धड वाजवली तर ठीक. न्हाईतर पेटी बंद आन्‌ क्लास चालू."

पोरीची बोटं चांगली होती. वर जाताना सुरेख जायची. पण उतरताना मधल्या सा च्या खाली आली की हात उचलायची आणि मांडीवर ठेवायची. मामांनी अंगठ्याचा पलटा दिला, अनामिकेचा दिला, मामींकडून तिला कणीक मळायला लावली, शेंगा तर पोतंभर फोडून झाल्या. हात तिथेच थांबायचा. आयुष्यात पहिल्यांदा मामांचं निदान हुकत होतं आणि ते जेवणावरून उठून जायला लागले होते.

शेवटी त्यांनी तिला सरळ विचारलं. मी आणि बायको तेव्हा तिथेच होतो. पोरगी फरशीकडे बघत म्हणाली, "खालचा सूर वाजला की जमीन बोलती, सर. त्या दिशी पहाटं अशीच बोलली व्हती."

खर्जाचा सूर त्या फरशीत घुमायचा, हे खरंच होतं. मामांनी फरशीवर तळहात टेकवून पाहिला. मग म्हणाले, "मला बी तसंच वाटतं." तेव्हा माझ्या बायकोच्या लक्षात आलं की भूकंपानंतर मामांनी स्वतः कधी खर्ज वाजवलाच नव्हता.

मग त्यांनी तिच्यासाठी नवा पलटा बांधला. सा वरून एकच सूर खाली जायचं आणि लगेच परत यायचं, विहिरीच्या पायरीवर पाय भिजवून यावं तसं. तो जमला की दोन सूर. रोज दोघं मिळून खाली उतरत आणि दोघंही घाबरून वर येत. मामी आतून म्हणायच्या, "कोण कुणाला शिकवतंय देव जाणे."

दिवाळीला आत्या ऐकायला आली. पोरीने आईचं भजन काढलं आणि शेवटच्या ओळीला खालच्या सा वर येऊन थांबली. सूर लांबवला. फरशी घुमली. मामा ताडकन उठले, चप्पलवाला पाय ओट्याच्या पायरीवर पडलासुद्धा. पोरीने भाता थांबवला नाही. मानही वर केली नाही. "बसा सर," ती म्हणाली, "पेटी हाय ती."

मामा परत येऊन बसले. आत्याने डोळ्यांना पदर लावला आणि क्लासचा विषय पुन्हा काढला नाही. त्या दिवसापासून मामा उंबरठ्याच्या आत बसायला लागले, दोन्ही पाय अनवाणी.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची पेटी नांदेडला आमच्याकडे आहे. माझी करंगळी अजून कामचुकारच आहे, पण कधीमधी मी त्या पोरीसाठी बांधलेला पलटा घोटतो. खालचा सा लागला की फरशी घुमते, बायको आणि मी दोघंही नकळत दाराकडे बघतो, आणि मला फार वाटतं की कुणीतरी तिथून घाईने उठावं आणि मी म्हणावं, बसा मामा.