वत्सलाच्या हाताला ऐकू यायचं

फोन आला तेव्हा मी महाडच्या बाजारात इक्बालभाईच्या दुकानात स्टुलावर बसलो होतो. रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचं छोटं दुकान. समोर आमचा गाण्यांचा खोका उघडून पडलेला आणि माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी. खोका उघडल्यावर ती आतच सापडली होती. "काका, ही पोटात होती याच्या, सांभाळा," असं म्हणून त्याने ती मला दिली. मी ती पिशवीत ठेवत होतो आणि दिनेशचा फोन वाजला. दिनेश माझा मुलगा. दवाखान्यात आईच्या उशाशी तो बसला होता. तो नुसतं "बाबा..." म्हणाला. मला कळलं.

लोक अजून विचारतात, शेवटच्या वेळी तू बायकोजवळ नव्हतास का? नव्हतो. सकाळी तिनेच मला पाठवलं होतं. नाकात नळी, बोलायला दम नाही, तरी हाताने खुणावून जवळ बोलावलं आणि विचारलं, "खोका झाला का?" मी मान हलवली, नाय म्हणून. "मग हितं काय बसलाव माझं तोंड बघत? जावा." हे आमचं शेवटचं बोलणं. गोड काही नाही त्यात. पण आम्ही दोघं असंच बोलायचो आणि मी तिच्याच कामाला गेलो होतो. घरी आल्या आल्या तिला खोका चालू हवा होता. तो चालू झाला, पण ती आली नाही.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. आंबेनळी घाटात जीप चालवण्यात जन्म गेला. पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात, ते मी वाचतो. मोठमोठ्या माणसांबद्दल असतं. आमची वत्सला मोठी नव्हती. पोलादपूरला भाताच्या गिरणीत कामाला होती. पट्टा फिरतोय, जातं घरघरतंय, कोंडा उडतोय, त्यात दिवसभर उभी. तरुणपणी कान चांगले होते, मग हळूहळू गेले. कधी गेले ते तिलाही कळलं नाही. मला वाटायचं, बाई मुद्दाम ओ देत नाय. पुढे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. दिनेशने कानाचं मशीन आणलं. आठवडाभर लावलं आणि डब्यात घालून ठेवलं. "ह्याच्यात सगळ्या भांड्यांचा आवाज येतो, माणसाचा तेवढा येत नाय," म्हणाली. गावात सप्ताह बसला की ती बायकांमध्ये बसायची नाही, पखवाजवाल्याच्या अगदी जवळ जाऊन बसायची. बायका हसायच्या. मीसुद्धा हसायचो. का बसते ते कुणी विचारलं नाही.

आता सीड्यांचं सांगतो. दिनेश महाडच्या एमआयडीसीत कामाला लागला आणि शहरात खोली घेऊन राहिला. पगार झाला की तो सीड्या घ्यायचा. मुंबईहून मागवायचा, आखातातून येणाऱ्या मित्राला आणायला सांगायचा. त्या गाण्यांना हेवी मेटल म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, पत्र्यावर वानरं नाचतायत आणि खाली घरमालक त्यांना शिव्या देतोय. सीड्यांच्या डबीवर चित्रं तर अशी, की हाडकं, कवट्या, पंखवाली भुतं. सगळ्या एबीसीडीच्या क्रमाने लावलेल्या. कुणी हात लावलेला त्याला खपायचं नाही. "बाबा, बोट लावू नका, कडेनं धरा." मी म्हणायचो, "अरे, बायको आणशील तिला तरी एवढं जपशील काय?" त्याच्या खोलीमालकिणीने आवाजाला कंटाळून दम दिला, म्हणून तो खोका, म्हणजे लाकडी पेटीतला मोठा प्लेयर, त्याने आमच्या गावच्या घरी आणून ठेवला. सीड्या मात्र महाडला, खाटेखाली.

पुराचं पाणी महाडच्या बाजारात कसं शिरतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. त्या वर्षी त्याच्या खोलीत छातीएवढं शिरलं. पाणी उतरल्यावर मी आणि वत्सला जीप घेऊन गेलो. घोटाभर चिखल. खाटेखालून दिनेशने सीड्या ओढून काढल्या, दोन पोत्यांत भरल्या आणि बाहेर कचऱ्याच्या ढिगावर ठेवल्या. मी म्हटलं, "एवढं जपलंस आणि..." तर म्हणाला, "जाऊ दे बाबा, आता सगळं डाउनलोड होतं. फुकट जागा अडवत होत्या." पण बोलताना तो तिकडे बघत नव्हता. वत्सलाला आमचं बोलणं ऐकू आलं नाही. तिने त्याचं तोंड बघितलं आणि दोन्ही पोती उचलून जीपमध्ये टाकली.

घरी तिने एकेक सीडी धुतली. भांड्यांच्या साबणाने, मऊ फडक्याने. तांदळाची भाकरी तव्यावर सोडताना जशी हलक्या हाताने धरतात तशी धरायची, बोट न लावता. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. मग सुपांत ओळीने लावून पडवीत सावलीला सुकत ठेवल्या. शेजारची सुमनवहिनी बघायला आली. "वैनी, वडे गो कसले हे? मधी भोक पडलाय." वत्सलाला ऐकू आलं नाही, पण हसणं दिसलं, तीही हसली. डब्या आणि चित्रांचे कागद चिखलात गेले होते. नुसत्या चकत्या उरल्या, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या.

पुढच्या रविवारी दिनेश आला. वत्सला म्हणाली, "जगल्या का मेल्या ते बघ तरी एकदा." त्याने आईचं मन राखायला एक लावली. आवाज मोठा केला. मी कानावर हात ठेवून बाहेर निघालो होतो. वत्सला खोक्यावरची धूळ पुसत होती, तिचा डावा हात पेटीवर टेकलेला. पुसता पुसता ती थांबली. फडकं हातात तसंच. "दिन्या... ह्ये काय हाय?" तो म्हणाला, "गाणं आई, गाणं!" ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "ओरडू नको. माझ्या हाताला ऐकू येतंय." गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. ढोलाचा ठोका पडला की तिची हनुवटी हलायची, बरोबर ठोक्यावर. मी दारातून बघत होतो. लग्नात वाजंत्री वाजताना तिची हनुवटी तशीच हललेली मी अंतरपाटाखालून बघितली होती...

तेव्हापासून दुपारची भांडी झाली की तिचा पाट खोक्याजवळ. डावा तळहात पेटीवर, डोळे मिटलेले. दिनेशच्या काही सीड्या शांत होत्या, नुसती तार छेडलेली. त्या तिला चालायच्या नाहीत. "ह्यात दम नाय," म्हणून तिने दोऱ्याला बांधून वालाच्या शेतात टांगल्या. उन्हात चमकल्या की पाखरं बसत नाहीत. दिनेशने शेतात त्या बघितल्या आणि डोक्याला हात लावला. "आई, ही किती शोधून आणलेली!" तर म्हणते, "मग चांगलंच काम करतेय ना?"

उरलेल्यांना घर हवं होतं. आमच्याकडे लग्न, बारसं, डोहाळजेवण, काहीही असो, बायकांची ओटी भरतात आणि एकेक ब्लाऊजपीस देतात. हे ब्लाऊजपीस कुणी शिवत नाही. कापड आखूड, रंग जाणारा. ते घडी न मोडता दुसऱ्या घरी जातं, तिथून तिसऱ्या. वत्सलाने नाते गावच्या मावशीला दिलेलं एक जांभळं ब्लाऊजपीस चार घरं फिरून तिच्याच ओटीत परत आलं होतं, हळदीच्या डागासकट. तिने ट्रंक उघडली, सगळी ब्लाऊजपिसं काढली आणि सीड्यांना पिशव्या शिवल्या. प्रत्येक सीडीला एक पिशवी. त्यावरची इंग्रजी नावं तिला वाचता येत नव्हती, मला तरी कुठं येतात. मग जिचं कापड, तिचं नाव. जांभळी म्हणजे नाते गावची मावशी. पोपटी म्हणजे हिरकणीवाडीचं बारसं. लाल काठाची म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. मला आतून हाक यायची, "अवो, आक्काला लावा!" आणि आक्का अशी काही गर्जायची की कौलं हलायची. खरी आक्का पण आवाजाला तशीच होती. वत्सलाने मुद्दाम निवडलं की काय, देव जाणे.

एकच सीडी बिनपिशवीची होती. पहिल्या दिवशी लावलेली ती. ती कायम खोक्यात. दुसरी वाजवून झाली की पुन्हा तीच आत ठेवायची. पिशवी शिव म्हटलं तर म्हणायची, "घरातल्या माणसाला कशाला पिशवी?"

दिनेश पुढे पुण्याला गेला. एकदा येताना आईसाठी मोबाईल आणला, त्यात सगळी गाणी भरलेली. तिने कानात बोंडं घातली, मान हलवली, काढून ठेवली. "कानाला टेकतंय. मला नाय टेकत." तो समजवायचा, "आई, बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये सगळं मावतं. धूळ नाय, बुरशी नाय." ती म्हणाली, "म्हणजे पुढच्या पुरात बोटासंगट सगळं जाईल." तो चिडला. मी त्याला चूक म्हणत नाही. त्याचं काम मोबाईलवर होतं, चालता चालता ऐकतो, त्याला सोयीचं. पण मोबाईलवर हात ठेवला तर हाताला काय लागतं? नुसती काच.

ती गेली तेव्हा कुंकवानिशी गेली. उचलायच्या आधी बायकांनी तिची शेवटची ओटी भरली. हिरवी साडी, नारळ, तांदूळ. सगळं झाल्यावर एक हिरवं ब्लाऊजपीस पाटावर उरलं. मी ते कुणाला तरी द्यायला गेलो. सुमनवहिनीने माझा हात धरला. "भावजी, ह्ये फिरवायचं नसतं. ह्ये आता घरातच राहील." म्हणजे चार घरं न फिरणारं ते पहिलंच.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले. दिनेश पडवीत बसून मोबाईल एका छोट्या स्पीकरला जोडून काहीतरी लावत होता. "बाबा, हे आईचं आवडतं." मी ऐकलं. मला ओळखू येईना. "आक्का का मावशी?" मी विचारलं. त्याला नावं माहीत होती, गाणाऱ्यांची, इंग्रजी. मला ती माहीत नव्हती. मग तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस. "आईनं माझ्यासाठी सगळं जपलं हो बाबा. मी फेकून दिलेलं. माझ्यासाठी तिनं हे धुतलं, शिवलं..."

मी गोड बोलणारा माणूस नाही. मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाय रे. पहिल्या दिवशी धुतलं ते तुझ्यासाठी. पुढचं सगळं तिचं तिच्यासाठी. तिला आवडायचं. तू आला नसतास तरी तिनं वाजवलंच असतं." मला वाटलं, लागलं याला. मग बघतो तर रडता रडता हसतोय. "म्हणजे आई खरंच मेटल ऐकायची?" मी म्हटलं, "मग मी इतकी वर्षं काय सोसलं?"

मी खोका लावला. इक्बालभाईने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेली ती सीडी आत घातली. दिनेशने पेटीवर हात ठेवला. मी म्हटलं, "तिथं नाय, इथं." डाव्या कोपऱ्यात पॉलिश गेलेलं आहे, तळहाताएवढं. तिथलं लाकूड उघडं, गुळगुळीत. त्याचा हात त्या जागेपेक्षा मोठा, बोटं बाहेर राहिली. गाणं सुरू झालं तसे त्याने डोळे मिटले. सुमनवहिनी कुंपणावरून डोकावली. मला वाटलं, घरात नुकतंच माणूस गेलंय आणि हे काय, असं म्हणेल. ती म्हणाली, "वाजवा भावजी. वैनीचा धिंगाणा नाय ऐकला तर मला दुपारची झोप लागत नाय."

दिनेश पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "बाबा, माझ्याकडे चला." मी नाही म्हटलं. सीड्या घेऊन जा म्हटलं, तर तो नाही म्हणाला. "तुम्हाला नावं माहीत आहेत. तिकडे त्यांना कोण ओळखणार?"

ते हिरवं ब्लाऊजपीस ट्रंकेवर होतं. एके दिवशी मी चष्मा लावून बसलो आणि त्याची पिशवी शिवली. जीपची गादी शिवलेला हात, टाके वाकडेतिकडे, एक बाजू लांब, एक आखूड. तिने बघितलं असतं तर उसवून टाकली असती. त्या बिनपिशवीच्या सीडीला ती घालायची असं मनात होतं. पण खोका उघडला आणि हात थांबला. घरातल्या माणसाला कशाला पिशवी...

सीडी खोक्यातच आहे. पिशवी रिकामीच, खोक्यावर डाव्या कोपऱ्यात पसरून ठेवलीय, पॉलिश गेलंय तिथं. दुपारी भांडी मीच घासतो. मग पाट घेतो, बटण दाबतो आणि त्या हिरव्या कापडावर तळहात ठेवतो. माझे कान चांगले आहेत. एवढी वर्षं मी कानांनी ऐकत होतो, म्हणून मला ते ओरडणंच वाटायचं. आता कापूस घालतो कानात. मग ठोका येतो. कापडातून येतो, कोमट...