थोरली सून आणि मालगाडी

आमच्या नांदुऱ्याच्या घरात टीव्ही आणि मी थोड्याच महिन्यांच्या अंतराने आलो. आम्हां दोघांत कौतुक टीव्हीचं जास्त झालं. त्याला सासूबाईंनी स्वतः विणलेला रुमाल पांघरला, त्याच्यासमोर उदबत्ती लावली, आणि त्याच्यासमोर कोणी पाय लांब केले की त्या डोळे वटारायच्या. मला मात्र त्या 'सूनबाई' म्हणायच्या, तेही इतक्या अदबीने की वाटायचं, आता चहापाणी करून मला माहेरी, साखरखेर्ड्याच्या एसटीत बसवून देतात की काय.

माझ्या सासूबाईंची रीत अशी, की ज्याच्यावर जीव त्याच्याशी भांडायचं. गिरणीवाल्या काकूंशी पीठ जाडं दळलं म्हणून दर आठवड्याला भांडण व्हायचं, आणि भांडण संपलं की भिंतीवरून वाटीभर भाजी जायची. आमच्या ह्यांना, म्हणजे खामगावच्या जिनिंगमध्ये मुनीम असलेल्या कर्त्या पुरुषाला, त्या 'अबे' म्हणून हाक मारायच्या. घरातली मांजरसुद्धा रोज दोन शिव्या खाऊन झोपायची. मला एकटीला कधी वाकडा शब्द नाही. माहेरी हे सांगितलं तर आई म्हणाली, नशीब काढलंस. पण मला ते नशीब चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं. मला त्या घरची व्हायचं होतं, आणि मांजराइतकंही माझं काही जमत नव्हतं.

खरं म्हणजे मी मुळात गरीब गाय नव्हे. साखरखेर्ड्याच्या बाजारात एका सडक्या कांद्यावरून मी कांदेवाल्याशी असं भांडले होते, की लोक गवार घ्यायची सोडून बघत उभे राहिले होते. म्हणून तर लग्नात पाठवणीच्या वेळी आईने रडता रडता कानात सांगितलं, तिकडं तोंड बंद ठेव. मी ठेवलं. पण तोंड बंद ठेवून नेमकं वागायचं कसं, हे आईने सांगितलं नव्हतं. ते मला टीव्हीतल्या थोरल्या सुनेने शिकवलं.

रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची. मोठी हवेली, एक सासू, एक सासरा, दोन सुना. थोरली सून सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या नंतर झोपायची, कोणी बोललं की मान खाली घालायची आणि डोळ्यांतून एकेक थेंब काढायची. नाक मात्र तिचं कधी वाहायचं नाही. मी तिच्याकडून सगळं उचललं. डोक्यावरचा पदर, दाराच्या चौकटीला टेकून उभं राहणं, 'जी' म्हणणं. नाकाचं तेवढं जमलं नाही.

आमची बैठक भरायची ती अशी. सतरंजीवर मधोमध सासूबाई, त्यांच्या डाव्या हाताला गिरणीवाल्या काकू, उजव्या हाताला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. मामंजी खुर्चीत, डोळे मिटून. मी चौकटीत उभी, कारण पडद्यावर थोरलीही चौकटीतच उभी असायची.

आणि या तिघींना थोरली सून अजिबात आवडायची नाही.

मला याचं फार नवल वाटायचं. लिहिणाऱ्याने तिच्यात सगळे गुण ठासून भरले होते. मास्तरीणबाई कधी कधी तिची बाजू घ्यायच्या, ती सहनशील आहे, आदर्श आहे, असं म्हणायच्या. त्यावर सासूबाईंनी एकदा विचारलं, "बाई, सहन करते ते दिसून राह्यलं. पण ते जेवते कवा?"  थोरली सगळ्यांना वाढायची, पण तिच्या तोंडात घास गेलेला कोणी पाहिला नव्हता. उलट धाकटी सून, जी कपटी होती आणि जिला पाहून आपण बोटं मोडावीत असं लिहिणाऱ्याला वाटत होतं, ती कारस्थान करता करता ताटातली भजी उचलून खायची. तिच्यावर आमच्या बैठकीचा जीव. भजी खाल्ली की काकू समाधानाने म्हणायच्या, खाते तर खरी.

मुंबईहून शिकून आलेला थोरलीचा दीर असाच फसला. तो घरातसुद्धा कोट काढायचा नाही, म्हणून त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मालिकेतले सासरे कायम आजारी, पण केस चापूनचोपून बसवलेले, म्हणून त्यांच्या दुखण्यावरही नाही. मामंजींनी एकदाच डोळे उघडून मत दिलं, की हा माणूस पलंगावर बूट घालून झोपतो. पाहिलं तर खरंच होतं.

आता मालगाडीचं सांगायला हवं. आमचं घर रुळांच्या इतकं जवळ होतं की गाडी आली की फडताळातल्या कपबश्या बोलायला लागायच्या. पॅसेंजर पटकन जायची, पण मालगाडी सावकाश, डब्यामागून डबा, आणि नेमकी मालिकेच्या ऐन रंगात यायची. पडद्यावर तोंडं हलायची आणि आवाज शून्य. मग त्या सगळ्या तोंडांचं बोलणं सासूबाई करायच्या. खच्चून ओरडून, गाडीच्या वर आवाज काढून, सासू, सासरा, दोन्ही सुना, सगळं एकट्या. हा मान त्यांचा होता, दुसरं कोणी मध्ये बोलत नसे.

गंमत अशी की थोरलीला त्या जे बोलायला लावायच्या ते फक्कड असायचं. एकदा घरातला हार हरवला आणि आळ थोरलीवर आला. तेवढ्यात मालगाडी आली. पडद्यावर थोरलीचे ओठ थरथरत होते आणि सासूबाई तिच्या वतीने गरजत होत्या, "हार मी नाई घेतला. तुमच्या लाडक्या सुनेच्या उशीखाली पाहा, अन पाहून झालं की माह्याजवळ माफी मांगा. मंग मी पोळ्या करतो." काकूंनी टाळी दिली. गाडी गेली, आवाज आला, तर थोरली सासूच्या पाया पडून, मीच अभागी, असं काहीतरी म्हणत होती. सगळ्यांचे चेहरे उतरले. गाडीला अजून चार डबे असते तर बरं झालं असतं, असं काकू म्हणाल्या.

मी चौकटीत उभी राहून हे सगळं ऐकत होते आणि तरी मला काही कळत नव्हतं. माणूस शिकलेला असला म्हणजे किती मठ्ठ राहू शकतो, याचा मी चालता बोलता नमुना होते.

मग एक दिवस पाहुणे आले आणि पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा झाला. मीठ सासूबाईंनी टाकलं. मग बोलण्याच्या नादात पुन्हा टाकलं. मी पाहत होते, पण थोरली कधी सासूचा हात धरत नाही, म्हणून मीही धरला नाही. मामंजींनी पहिला घास घेतला आणि ते गडूभर पाणी प्यायले. पाहुणे भाकरीच कोरडी खाऊ लागले. मी लगेच पुढे झाले, मान खाली घातली आणि म्हणाले, "माझंच चुकलं, आत्याबाई."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मीठ मी टाकलं," त्या म्हणाल्या. "तू काऊन चुकलं?"

मी म्हणाले, तरी माझं लक्ष असायला हवं होतं. आणि पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आज तरी त्या मला जवळ घेतील. त्या दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी अंगणात कपडे काढत होते, तेव्हा भिंतीपलीकडे काकूंना सांगताना मी त्यांना ऐकलं. "आमची त्या टीव्हीतलीवानीच हाय वं. माही चूक बी मले करू देत नाई. मनात काय चालू हाय, काही पत्ता लागत नाई."

मी तिथेच वाळलेल्या लुगड्यामागे उभी राहिले. फार वाईट वाटलं. टीव्हीपुढे जिला पाहून सगळ्या नाकं मुरडत होत्या, तिचीच नक्कल मी इतके महिने मन लावून करत होते. आता सोडावी म्हटलं तर सोडायची कशी, तेही कळेना. इतके दिवस गोगलगाय असलेली बाई अचानक सोमवारपासून चावायला लागली तर लोक मांत्रिकाला बोलावतील.

म्हणून मी तशीच राहिले, आणि वैशाख आला.

वैशाखात आमच्याकडे वारं सुटतं आणि छतावरची अँटेना फिरते. ती सरळ करायला टिनावर चढायचं काम अर्थात माझं होतं, कारण मीच पहिल्यांदा 'मी जाते' म्हटलं होतं. मी वरून विचारायचं, आलं का, आणि खालून उत्तर यायचं, आलं, गेलं, जराशी उजवीकडे, आता माणसं दोन दोन दिसून राह्यली. त्या रविवारी मालिकेत मोठा प्रसंग होता. थोरली आज सगळ्यांसमोर तोंड उघडणार, असं आदल्या भागाच्या शेवटी दाखवलं होतं. आणि त्या दिवशी चित्र काही केल्या टिकेना. मी खांब धरला की यायचं, सोडला की जायचं. खालून ओरडून सांगितलं गेलं, तशीच धरून राहा.

मी धरून राहिले. चपला टिनावर घसरतात म्हणून पाय उघडे होते. पायाखाली पोतं घेतलं होतं, ते वाऱ्याने सरकलं. टिन तापत गेलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर येत होते आणि खालून थोरलीच्या घरचं संगीत ऐकू येत होतं. मग संगीत संपलं. साबणाची जाहिरात लागली. मी वाट पाहिली. चहाची जाहिरात लागली. खाली गप्पा सुरू झाल्या, कोणीतरी हसलं, आणि मला उतर म्हणायचं कोणाच्याही लक्षात आलं नाही.

शिडीवरून उतरताना माझ्या डोक्यात साखरखेर्ड्याचा बाजार भरला. मी दारात आले. चौकटीत थांबले नाही, थेट सतरंजीच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि तोंड उघडलं.

आणि मालगाडी आली.

मी थांबले नाही. मला थांबता येत नव्हतं. खांब, टिन, पाय, मीठ, सूनबाई सूनबाई म्हणून मला लांब बसवणं, मांजराला शिव्या आणि मला नाही, इतक्या महिन्यांचं सगळं मी बोलले. हात फेकले. पदर कधी पडला कळलं नाही. गाडी कोळशाची होती आणि शेवटच नव्हता तिला. तिघी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, अगदी पडद्याकडे पाहतात तशा. मामंजींनी डोळे उघडले होते.

गाडी गेली. कपबश्या गप्प झाल्या.

"काही ऐकू आलं नाई," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा बोल."

आता इथे थोरली असती तर 'कुछ नहीं' म्हणाली असती. माझ्याही जिभेवर ते आलंच होतं. सगळं गाडीबरोबर भुसावळला गेलं होतं, कोणाला काही पत्ता नव्हता, मी पुन्हा चौकटीत जाऊन उभी राहू शकत होते. पण तळपाय असे पेटले होते, की चौकटीपर्यंत चालणंच अवघड होतं.

"माझे पाय भाजले," मी म्हणाले. "तुम्ही गार बसून पाहत होता. मला खाली ये म्हणायचं एकीलाही सुचलं नाही. मी काय अँटेनाचा खांब आहे का?"

मिठाचं राहून गेलं. पण जेवढं आलं तेवढं ठणकावून आलं.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता साखरखेर्ड्याची एसटी. त्या आत गेल्या, पाण्याची बादली घेऊन आल्या आणि माझे पाय त्यात घालता घालता सुरू झाल्या. एवढी घोडी झाली अन तापल्या टिनावर उघड्या पायानं उभी राह्यते, अक्कल गहाण टाकली का, तोंड नव्हतं का तुले हाक माराले, साखरखेर्ड्यात असंच शिकवते का. गिरणीवाल्या काकूंना पिठावरून बोलायच्या त्याच आवाजात. मला रडू कोसळलं, आनंदाने, आणि नाक धो धो वाहिलं.

नाक पुसून मी विचारलं, थोरली आज काय बोलली. काकू म्हणाल्या, कुठं बोलली, रडली. मग मी खांब कोणासाठी धरला होता, असं मी चिडून म्हटलं, तर मास्तरीणबाईसुद्धा पोट धरून हसल्या.

पुढच्या रविवारच्या आत सासूबाईंनी ह्यांना 'अबे' करून छतावर चढवलं आणि खांब तारेने बांधून घेतला. त्या रविवारी मी सतरंजीवर बसले होते. जागा कोणी दिली नाही, काकूंना जरा ढकलून मीच केली. पडद्यावर धाकटीने नवीन आळ घेतला होता, थोरली मान खाली घालून उभी होती, तिची सासू कडाडत होती, आणि लांबून मालगाडीची शिट्टी झाली. सासूबाईंनी सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. मला कोपराने ढोसलं.

"तिचं तू बोल वं," त्या म्हणाल्या. "मी सासूचं करतो."

गाडी धडधडत आली. मी थोरलीच्या हलत्या ओठांकडे पाहिलं आणि गाडीच्या वर आवाज काढून ओरडले, "मीठ तुम्हीच टाकलं, आत्याबाई. दोनदा टाकलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आता तो रस्सा तुम्हीच खा."

काकू सतरंजीवर आडव्या झाल्या. सासूबाई पडद्याकडे पाहायचं विसरल्या होत्या, त्या माझ्याकडे पाहत होत्या. पण पडद्यावरच्या सासूचे ओठ हलत होते आणि तिचं बोलणं त्यांच्याकडे होतं, तेव्हा त्यांनी ते केलं.

"हाव, मीच टाकलं," त्या गाडीच्या वर ओरडल्या. "पण एवढे दिवस तू होती कुठं वं?"