सातवा प्रश्न

मुलांनो, पुढच्या आठवड्यात एक सीडी तुमच्या घरी पोहोचेल. तुमच्या पणजीची मुलाखत आहे. ती लावण्याआधी हे पत्र आईकडून वाचून घ्या. सीडीत मधेमधे माझा आवाज येतो. त्याविषयी तुम्ही विचाराल, आणि ते फोनवर सांगणं मला जमणार नाही.

पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आम्ही सगळे जिजी म्हणत असू. त्या धारला राहत, आम्ही देवासला. नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीत तुमच्या आजोबांनी कारखान्यातल्या मित्राचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणला. मी फुलस्केपवर दहा प्रश्न काढले: जन्म, माहेर, शाळा, लग्न, असे क्रमाने. सातवा होता 'कुटुंबातील मृत्यू'. जिजींची धाकटी बहीण लहानपणी धरमपुरीला नर्मदेत होडी उलटून वारली, एवढंच घरात माहीत होतं. जिजी त्याबद्दल कधीच बोलल्या नव्हत्या.

कागद पाहून त्या हसल्या. "सूनबाई, पास व्हायला किती मार्क लागतात?"

सहाव्या प्रश्नानंतर कॅमेऱ्याची बॅटरी संपली, म्हणून बहिणीचं राहून गेलं, असं मी इतकी वर्षं सर्वांना सांगत आले. पुढच्या चैत्रात जिजींना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. त्यानंतर दोन वर्षं त्या नुसत्या बघत असत.

दहा-बारा वर्षांनी टेपला बुरशी धरली. देवासमध्ये लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका दुकानात ती संगणकावर उतरवायला दिली. जेवढी टेप तेवढाच वेळ लागतो, म्हणून मी समोर बसून राहिले. तिसरा प्रश्न आला, शाळेचा. जिजी सांगत होत्या, "आम्ही दोघी बहिणी जात असू. पाटी दोघींत एकच. होडीतसुद्धा ती पाटी तिनंच घेतली होती. होडी कलली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. मी..."

"जिजी, ते सातव्यात येईल," माझा आवाज आला. "आत्ता शाळेचं सांगा. कितवीपर्यंत शिकलात?"

त्या कॅमेऱ्याकडे बघतात. मग म्हणतात, "दुसरी."

दुकानदाराला मराठी थोडीफार कळत होती. तो म्हणाला, "आंटीजी, दादी तो बता रही थीं. आपने रोक क्यों दिया? मास्टरनी हो क्या?"

"क्रम चुकत होता," मी म्हणाले. खरोखर हेच म्हणाले.

त्याला टेप तीनदा मागे न्यायला लावली. 'मी'च्या पुढे जिजींचा शब्द नाही. तिथे मी बोलते आहे.

सीडीवर सहा उत्तरं आहेत. पाचवं बुरशीनं अर्धं खाल्लं आहे. बहिणीविषयी मी वर लिहिली तेवढीच वाक्यं आहेत. तिचं नाव त्यांत नाही, आणि ते सांगू शकेल असं आता कोणी उरलेलं नाही.