नगरभवानी

बहात्तरचा दुष्काळ, मी तेव्हा चोवीस वर्षांचा. सरकारी कामावर खडी फोडत होतो. गिऱ्हाईक आटलं म्हणून कोठ्यावरची एक बाई तिथं हातोडा घेऊन बसली. तिला बघून गड्यांना चेव आला. "नायकीण आली रे!" एक घाव. "कसबीण!" दुसरा घाव. "बाजारबसवी!" शेवटी धोंडू ओरडला, "अगं नगरभवानी, इथं गिऱ्हाईक नाही, दगड मिळतील!" सगळे पोट धरून हसले.

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण शब्द मला कळतात. हे शब्द कुणीतरी निवांत बसून, चवीनं घडवलेत. देवीचंसुद्धा नाव त्यात घातलं. आम्ही फोडत होतो त्या खडीसारखेच ते: मुठीत मावणारे, नेम धरून फेकता येणारे.

आणि धोंडूनं खरंच खडी फेकली. बाईची भुवई फुटली, डोळा रक्तानं भरला. ती उठली नाही. उठली असती तर कामावरची जागा गेली असती. मी धोंडूच्या तोंडावर मूठ हाणली. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. वण अजून आहे, तो मी झाकत नाही.

"बाई, नाव काय तुझं?" मी विचारलं.

"एवढी ठेवलीत, आणखी कशाला?" पदरानं रक्त दाबत ती म्हणाली. मग हळूच, "सुभद्रा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा हातोडा घेऊन तिच्याशेजारी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सुभद्राबाई, सरका जरा."