मेसच्या ताटात आईची चव

इथे येणारे अनुभव मी नेमाने वाचते, आणि खाली "पुरावा काय?" असं विचारणारी पहिली कमेंट बहुतेक वेळा माझीच असते. कुणाला जिन्यात बाई दिसली की मी त्यांना डोळे तपासून घ्यायला सांगते. तेव्हा आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर जुन्या मंडळींना हसू येणार... हसा. पण शेवटपर्यंत वाचा.

मी बायोकेमिस्ट्रीची विद्यार्थिनी आहे. चव म्हणजे काय, वास म्हणजे काय, जिभेवर आणि नाकात नक्की काय घडतं — हे मी परीक्षेत आकृत्यांसकट लिहून आलेय. एकाने खाल्लेल्या घासाची चव दुसऱ्या गावातल्या माणसाला लागत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आजही.

आम्ही बेंगळुरूचेच. किती पिढ्यांपासून, ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. शाळा, बाजार, रिक्षावाल्याशी भांडण, सगळं कन्नडमध्ये. त्यामुळे माझी भाषा कुठे घसरली तर सांभाळून घ्या. जे. पी. नगरला आमचं जुनं बैठं घर आहे. बाबा गेल्यापासून तिथे आई आणि मी दोघीच. मोठा भाऊ, त्याला मी अण्णा म्हणते, वहिनीबरोबर सर्जापूर रोडला टॉवरमध्ये राहतो. आईला तिथे करमत नाही. "खिडकीतून आकाशच दिसतं. शेजारीण कुठे दिसते?" हे तिचं म्हणणं.

मला एमएस्सीला किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात प्रवेश मिळाला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मंगळूरच्या वरच्या अंगाला आहे, कॉलेजवर जगणारं गाव आहे, एवढं पुरे. अण्णाने कपाळाला हात लावला. "सगळं जग शिकायला बेंगळुरूला येतं आणि ही शहाणी बेंगळुरू सोडून मासे मोजायला चालली!" मासे नव्हे, एन्झाइम्स, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. खरी काळजी वेगळी होती, आणि ती आम्हा दोघांनाही होती. आई एकटी पडणार होती. तिला मधूनमधून चक्कर यायची, आणि ती ते "स्वल्प पित्त झालं" म्हणून झटकून टाकायची.

जायच्या दिवशी मी तिला म्हटलं, "आई, तू अण्णाकडे गेलीस तरच मी निर्धास्त शिकेन."

"आणि इथे तुझं पान कोण वाढणार?" आई म्हणाली.

हे पान म्हणजे आमच्या घरातली एक पद्धत. घरातलं माणूस दुसऱ्या गावी राहायला गेलं की ते परत येईपर्यंत रोज दुपारी त्याच्या जागेवर केळीचं पान मांडायचं. मीठ, कोशिंबीर, भात, जे केलं असेल ते सगळं आधी त्या पानावर वाढायचं. मग घरातल्याच कुणीतरी त्या पानावर बसून जेवायचं, कारण अन्न टाकायचं नाही. असं केलं की गेलेलं माणूस उपाशी राहत नाही म्हणे. अण्णा नोकरीच्या सुरुवातीला बाहेरदेशी गेला तेव्हाही आईने पान वाढलं होतं, आणि तो तिकडे बर्गर खाऊन चांगला गुबगुबीत होऊन आला. पद्धतीचा यात हात होता असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

गाव मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडलं. एक बसस्टँड, एक सरळ रस्ता, रस्त्याच्या एका टोकाला कॉलेज आणि दुसऱ्या टोकाला समुद्र. मध्ये झेरॉक्सची दुकानं आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास. वाळत टाकलेला टॉवेल कधीच पूर्ण वाळत नाही. रस्ता विचारायला कुणाच्या दारात उभं राहिलं तरी हातावर गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या येतो. मेस हॉस्टेलच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली. जाडा तांबडा उकडा भात, वर पातळ सारू, आणि रोज नारळ घातलेली कसलीतरी भाजी.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी दुपारी जेवायला बसले. ताटात कोबीची भाजी होती. घास तोंडात घातला आणि चव आली भेंडीच्या गोज्जूची. चिंच, गूळ, वरून तिळकूट... आईच्या हातचं, आणि नेहमीसारखा गूळ अंमळ जास्त. मी ताटाकडे बघितलं. कोबीच होता.

घरची आठवण, दुसरं काय, असं म्हणून मी जेवले. पोट मात्र छान भरलं. संध्याकाळी आईचा फोन आला.

"ऊटा झालं का?" जेवलीस का, हा तिचा ठरलेला प्रश्न.

"झालं. तू काय केलं होतंस आज?"

"भेंडीचं गोज्जू. गूळ जरा हात सुटून पडला बघ."

दुसऱ्या दिवशी मेथीचं पिठलं. मग अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, आमटी. मग एकदा नुसताच ताकभात आणि लिंबाचं लोणचं, आणि त्या दिवशी आईचं खरंच डोकं दुखत होतं. मी घाबरले का? मुळीच नाही. खरं सांगते, मला मजा वाटायला लागली. माझी रूममेट नव्या हुबळीची. ती ज्वारीच्या भाकरीच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आणायची, आणि मी तोच तांबडा भात जिभल्या चाटत खायची. "तुला नक्की काहीतरी झालंय," ती म्हणायची.

शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी अण्णाला सांगितलं. तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, चुका काढणं हाच त्याचा धंदा. तो म्हणाला, "अगं, आईचा मेनू वारावर ठरलेला असतो. तू लहानपणापासून तेच खातेयस. मेंदू अंदाज करतो, झालं." मलाही पटलं. मीसुद्धा इथे दुसऱ्या कुणाला हेच लिहिलं असतं.

पण हाडाचा टेस्टर तो... मला न सांगता एका दुपारी जे. पी. नगरला गेला आणि आईला म्हणाला, आज तू बसायचंस, जेवण मी करणार. मी मेसमध्ये पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं झालं. मी आईला मेसेज केला: "उपम्यात चीज का घातलंयस?? आणि रवाही कच्चा?"

उत्तर अण्णाच्या फोनवरून आलं. पास्त्याचा फोटो होता. केळीच्या पानावर वाढलेला पास्ता, समोर आई, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. खाली त्याने लिहिलं होतं, "उपमा नाही, पास्ता." मग, "हा बग मला रिप्रोड्यूस झालाय. यावर आपण बोलायचं नाही."

आईला यात काही विशेष वाटलंच नाही. "पान वाढतेय ना मी रोज. मग लागणारच चव," ती म्हणाली, जसं काही नळ सोडला की पाणी येतं. त्या पानात काहीतरी आहे असं मीही हळूहळू धरून चालले. मानत नव्हते हं... नुसतं धरून चालले होते. खरी चूक तिथेच होती.

पावसाळा सरला होता, प्रॅक्टिकल्स तोंडावर होती. दुपारी मी आणि नव्या मेसमध्ये बसलो. मी पहिला घास घेतला, आणि करपलं. तोंडभर, नाकभर. कशाचं ते कळेना. कधी दुधाचं वाटे, कधी वायरीचं, कधी केस जळल्यासारखं. पाणी प्यायले तर पाणीही करपलेलं.

"नव्या, भात लागलाय का गं?"

"छे. नेहमीसारखाच आहे. बेचव."

मी बाहेर आले, मोकळ्या हवेत उभी राहिले. वास वाढतच होता. आईने शेगडीवर काहीतरी ठेवलंय आणि ती... हे वाक्य मनातसुद्धा पुरं करायचं नव्हतं मला. आईला फोन लावला. वाजून वाजून बंद. परत लावला. परत तेच. अण्णाला लावला, तो मीटिंगमधून बाहेर आला, त्याला दूध, वायर, केस, सगळं सांगितलं. पण सर्जापूर रोडवरून जे. पी. नगरला पोचायचं तर मध्ये सिल्क बोर्डचं ट्रॅफिक... बेंगळुरूवाल्यांना पुढचं सांगायला नको.

"पद्माक्काला लाव!" तो ओरडला. "मी निघतोच आहे."

पद्माक्का आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. कन्नड घर, पण आमच्याकडे ये-जा करून मराठी पक्की झालेली. आमची जादा किल्ली त्यांच्याकडेच असते.

"अक्का, आई फोन घेत नाही. घरात काहीतरी जळतंय. प्लीज आधी आत जा. आणि दिव्याच्या बटणाला हात लावू नका हं, गॅस असेल!"

"येनायतु पुट्टी, काय झालं? थांब, थांब. चाललेच."

त्यांनी फोन कानालाच ठेवला होता. मला चपलांचा आवाज आला, किल्लीचा, दाराचा. मग "अय्यो देवरे!" आणि मग नुसते श्वास. मी तिथेच पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी हात जोडले, आणि समोर फक्त मेसची भिंत होती.

"आहे, आहे! श्वास आहे!" पद्माक्का म्हणाल्या. "स्वयंपाकघरात पडलीये. अंग झटके देतंय."

अँब्युलन्स आली. अण्णा थेट हॉस्पिटललाच पोचला. मी मिळेल त्या बसने निघाले आणि सगळा घाट तोंडात ती करपलेली चव घेऊन पार केला. सकाळी हॉस्पिटलच्या दारात उतरले तेव्हा ती चव गेली होती. आई शुद्धीवर आली होती. कपाळाला टाके, चेहरा सुजलेला, पण मला बघून तिने विचारलं, "प्रॅक्टिकल सोडून आलीस?" तेव्हा मी रडले. तोवर नव्हते रडले.

बाहेर बाकावर पद्माक्का बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला.

"पुट्टी, एक विचारू? तू जळतंय म्हणालीस म्हणून मी नाकाला पदर लावून आत गेले. काहीच जळत नव्हतं गं. शेगडी गार. भाजी चिरून ठेवलेली, तांदूळ धुतलेले. पान अजून मांडलंही नव्हतं. तुला कुणी सांगितलं जळतंय म्हणून?"

मला वाटलं त्या घाबरून नीट बघायचं विसरल्या असतील. मी आत जाऊन आईलाच विचारलं. अण्णाही होता.

आई म्हणाली, "अगं, काय झालं देव जाणे. स्वयंपाकाला लागले आणि एकदम करपल्याचा वास सुटला. गॅस बघितला, बंद. देवापुढचा दिवा बघितला, फ्रिजची वायर बघितली. कुठेच काही नाही, आणि वास तर असा... कधी दूध लागल्यासारखा, कधी केस जळल्यासारखा. पुढचं मला आठवत नाही."

अण्णाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला फोनवर काय सांगितलं होतं, ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं.

स्कॅनमध्ये आईच्या कपाळामागे, वासाच्या नसांवरच, एक गाठ दिसली. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. अशा गाठीमुळे फिट येते, आणि फिटच्या आधी काही जणांना नसलेला वास येतो, बहुधा जळाल्याचा. तो वास खोलीत नसतो. तो फक्त पेशंटच्या डोक्यात असतो.

फक्त पेशंटच्या. आता ते पानाचं बाजूलाच राहू द्या. पान मांडलं नव्हतं, अन्न शिजलं नव्हतं, घरात काही जळलं नव्हतं. माझ्यापर्यंत काही आलं असेल तर ते सरळ आईतून आलं होतं. मी हट्टाने माझाही स्कॅन करून घेतला. डॉक्टर म्हणाले, एकदम स्वच्छ आहे, अभ्यास करा.

गाठ साधी निघाली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण वास जाईल, आणि वासाबरोबर जेवणाची बरीचशी चवही. आई म्हणाली, "सरी, चालेल. मागच्या नाल्याचा वास तरी सुटेल." ऑपरेशन नीट पार पडलं. वास गेला. अण्णा-वहिनी आता जे. पी. नगरलाच राहायला आलेत. महिनाभराने आईने मला अक्षरशः हाकलून परत कॉलेजला पाठवलं. "पेपर कोण लिहिणार, पद्माक्का?"

मला कारण सापडलेलं नाही. योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं, मीही बरेच दिवस म्हणून बघितलं. भूतबित म्हणणाऱ्यांना मात्र माझा तोच जुना प्रश्न आहे, पुरावा काय? यात कुणी मेलेलं नाही. माझी आई जिवंत आहे, आणि ती का जिवंत आहे हे मला सांगता येत नाही, एवढंच.

परत आल्यापासून मेसमध्ये कोबीला कोबीचीच चव लागते. रोज दुपारी जेवायच्या आधी आईचा फोन येतो. आता तिला फोडणीचा अंदाज येत नाही. वहिनी ऑफिसच्या कॉलवर, अण्णाला काही कळत नाही, म्हणून ती कढई गॅसवरून उतरवते आणि मला विचारते, "बघ गं जरा... फोडणी करपली नाही ना?"

मी डोळे मिटते, मोठा श्वास घेते. काही म्हणजे काही येत नाही.

"नाही आई," मी म्हणते. "मस्त बसलीये. वाढ पान."