शॉक कॉर्ड निसटली तेव्हा

मंडळी, दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

मी लाखनीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आज नववीच्या मुलींसोबत कापणी झालेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, मॉडेल रॉकेट उडवलं. वर गेल्यावर रॉकेटचं टोक सुटतं आणि पॅराशूट उघडतं. टोक, पॅराशूट आणि खालची नळी यांना एक रबरी दोरी जोडून ठेवते, तिला शॉक कॉर्ड म्हणतात. ती नळीत मीच सकाळी चिकटवली होती. मुलींपैकी वैष्णवी म्हणालीही, "मॅडम, गोंद ओलाच हाये." मी म्हटलं, "चालते."

रॉकेट झकास वर गेलं. पॅराशूट उघडलं, पण दोरी नळीतून निसटली. टोक पॅराशूटला लटकून तरंगत राहिलं आणि इंजिनाची जड नळी सरळ खाली यायला लागली. खाली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेजारच्या शेतातल्या शेवंताबाई गवत कापत होत्या.

नळी त्यांच्यापासून हातभर अंतरावर ओल्या मातीत रुतली.

मी धावत पोचले. "काय पडलं वो मॅडम?" त्यांनी विचारलं.

"आमचं रॉकेट. दोरी मी नीट चिकटवली नव्हती."

त्यांनी रुतलेल्या नळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मी आत्ताच तिथून सरकली ना वो."

मी तिथेच खाली बसले.

चूक माझी होती, हे उद्या वर्गात सांगणार आहे. पण मुली पुन्हा उडवू म्हणतात आणि माझी हिंमत होत नाही. तुम्ही असता तर हो म्हणाला असता का?