करपलेल्या बिरड्याची पावती

भिसेगावच्या चारुलताबाईंना भुताचा सिनेमा कसा वाटला, हे कोणी त्यांना विचारत नाही. जिन्यात करपल्याचा वास आला की समजायचं, सिनेमा झकास! पतपेढीतून निवृत्त झाल्यापासून बाईंचा हाच शिरस्ता. शेगडीवर वालाचं बिरडं, बाजूला डब्याला टेकवलेला मोबाइल, आणि मोबाइलमध्ये कोणीतरी कोणाच्या तरी मानगुटीवर. बिरडं नीट शिजलं, तर सिनेमा फुकट गेला.

मग सोसायटीच्या ग्रुपवर बाईंचा आवाज घुमतो. "मंडळी, अंगावर मांजर टाकून दचकवणं ही भीती नव्हे, ही शुद्ध फसवणूक! भूत खरं असेल तर एवढे ढोल बडवायची गरजच काय?" मरणावरच्या विनोदी सिनेमांना तर त्या मुळीच दयामाया दाखवत नाहीत. "मेलेल्याला काय हसता? तो बिचारा काय करणार? भेटायला आलेल्यांकडे बघा. रडता रडता आपल्या नव्या चपलेवर डोळा असतो ना, तिथं हसायचं!"

यजमान हेमचंद्रराव चांगल्या सिनेमांना मनापासून घाबरतात. करपलेलं शेवटी त्यांच्याच पानात पडतं ना!

पण गेल्या वर्षी घोटाळा झाला. लेक निवेदितानं मित्रमंडळी जमवून पळसदरीच्या धरणावर एक भयपट केला. आईनं शेगडीपाशी उभं राहून तो पाहिला, मुकाट्यानं पानं वाढली, आणि बाबा पहिल्याच घासाला बोलून गेले, "वा! आज बिरडं काय फर्मास झालंय!"

झालं. पोरीचा घास हातातच राहिला. त्यानंतर तिनं घरात सिनेमाचा विषय म्हणून काढला नाही. बाईंच्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

म्हणून परवा रविवारी निवेदिता नवा सिनेमा घेऊन आली, तेव्हा बाईंना आनंद झाला आणि घामही फुटला.

"आई, बिरडं टाक. नेहमीसारखंच बघायचं," ती म्हणाली.

आता आली का पंचाईत! खोटं बोलणं बाईंना जमायचं नाही, आणि लेक पुन्हा गप्प झाली तर ते सोसायचं नाही. हेमचंद्रराव कानाशी कुजबुजले, "चारू, आच जरा मोठी ठेव गं. पोरीसाठी."

"भेसळ करू?" बाई कडाडल्या आणि चष्मा आणायला आत गेल्या.

सिनेमा सुरू झाला. अंगणात तिरडी, आणि तिरडीवर नाकात कापूस घालून कोण? खुद्द हेमचंद्रराव! बापलेकीनं हा उद्योग बाईंना कळूच दिला नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या जित्याजागत्या नवऱ्याचं मनगट बाईंनी असं काही आवळलं की ते कळवळले. तिकडे लोक येत होते, गळे काढत होते, आणि प्रत्येकाचा एक डोळा स्वतःच्या चपलेवर! पोरीनं आईचं सगळं ऐकलं होतं तर. तेवढ्यात प्रेत ताडकन उठून बसलं. "चहात साखर कोणी कमी घातली?"

बाई ज्या हसत सुटल्या! पोट धरून, ओट्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आई, करपलं! करपलं गं!" निवेदिता स्वयंपाकघरातच नाचायला लागली.

हेमचंद्ररावांचा चेहरा मात्र उतरला. त्यांना खोटं पचलं नाही. "बाळा, तुझी आई चष्मा आणायला गेली तेव्हा मीच आच मोठी केली होती गं."

पोरीचा नाच थांबला.

"केली होतीत, ठाऊक आहे मला," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आल्या आल्या पाहिलं आणि पार बारीक केली. हा बघ गॅस. करपलं ते मी ढवळायचं विसरले म्हणून!"

निवेदितानं वाकून पाहिलं. ज्योत जेमतेम जळत होती. तिनं आईला घट्ट मिठी मारली, मग कालथा घेऊन पातेल्याचा तळ खरवडला आणि सगळं स्वतःच्याच पानात वाढून घेतलं.

"अगं, मलाही ठेव की थोडं," हेमचंद्रराव ताट पुढे करत म्हणाले.